घरातील विजेची रुजवात

दुधाचा, वाण्याचा आणि वर्तमानपत्रवाल्याचा हिशेब चोख ठेवणारी, महिनाअखेरीस दिनदर्शिकेवरच्या फुल्या मोजून गवळ्याशी अर्ध्या लिटरावरून हुज्जत घालणारी आपली गृहस्थ माणसे विजेच्या बिलाचा कागद हाती येताच एकाएकी दैववादी होतात, त्या कागदावरचा एकही रकाना न वाचता तळाशी छापलेली रक्कम तेवढी पाहून सुस्कारा टाकतात आणि मुदतीच्या आत ती भरून मोकळी होतात, हे कराडात विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना घेऊन उमेदीची सगळी वर्षे घरोघर हिंडल्यामुळे मी अगदी जवळून पाहिले आहे. दूध पातेल्यात दिसते, साखर डब्यात दिसते, गॅसची टाकी हलवून पाहता येते. वीज मात्र येताना दिसत नाही आणि गेलेलीही कळत नाही. ज्या खर्चाला रूप नाही त्याची रुजवात कशी घालावी, हा प्रश्न मला या धंद्याने शिकवला, आणि त्याचे जे काही उत्तर मला सापडले ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझे मूळ काम वायरिंगचे. नव्या घरात नळ्या टाकणे, जुन्या वाड्यातली लाकडी पट्टीवरची तार काढून नवी ओढणे, अर्थिंगचा खड्डा घेणे, जळालेला बोर्ड बदलणे यांत दिवस जात असे. पण पुढे पुढे बोलावणे येऊ लागले ते निराळ्याच तक्रारीसाठी: "दादा, मीटर लई पळतोय, जरा बघून जावा." या वाक्यात आरोपी आधीच मुक्रर झालेला असे, आणि माझ्याकडून फक्त निकालावर शिक्कामोर्तब हवे असे. मीटर सदोष निघाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, नाही असे नाही. पण ती थोडी. बहुतेक घरांत मीटर निर्दोष असतो, आणि जी वीज त्याने मोजलेली असते ती त्या घरात खरोखरच कुठे तरी गेलेली असते. ती कुठे गेली हे शोधण्याचे साधन मीटरच्या तोंडावरच असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सध्याच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो, आणि शेजारी त्याचे प्रमाण छापलेले असते. आपल्याकडच्या पुष्कळ मीटरांवर ते एका युनिटाला ३२०० लुकलुकी असे आढळते. म्हणजे मिनिटात बत्तीस वेळा दिवा लागला, तर त्या क्षणी घरात सहाशे वॅटचा भार चालू आहे असे बेलाशक समजावे. सैदापूरच्या बाजूस राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मी हाच प्रयोग केला, तो मला इथे जरा तपशिलाने सांगितला पाहिजे. नवरा-बायको दोघेच, मुले पुण्याला, घरात वातानुकूलन यंत्र नाही, आणि तरी युनिटे सव्वाशे-दीडशेच्या खाली येत नव्हती. मी काकूंना म्हटले, घरातली झाडून सगळी बटणे बंद करा, फ्रीजचा आणि दूरदर्शनचा प्लग काढून ठेवा, मुख्य स्विच तेवढा चालू राहू द्या. गुरुजी मनगटावरचे घड्याळ काढून हातात धरून मीटरच्या पेटीसमोर उभे राहिले. दिवा लुकलुकला. सगळे स्तब्ध. पुन्हा लुकलुकला. गुरुजींनी वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तशा ठाशीव स्वरात सेकंद मोजायला सुरुवात केली, आणि दर वेळी सोळाच्या आकड्यावर तो दिवा नेमाने लागू लागला. "अहो, पण सगळं तर बंद आहे की!" काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात घरात कुणी परका शिरल्याची धास्ती होती.

सोळा सेकंदांनी एक लुकलुकी म्हणजे सत्तर वॅट. सत्तर वॅटचे ते बिऱ्हाड जिन्याखाली सापडले. भारनियमनाच्या काळात, जेव्हा गावोगाव दिवसाचे कित्येक तास वीज नसे, तेव्हा घेतलेला इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी तिथे जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याआड बसून होती. ती थेट बोर्डाला जोडलेली असल्याने तिला बटण नव्हते. झाकण काढून पाहिले तर आतल्या पट्ट्या उघड्या पडलेल्या, पाण्याची पातळी खाली गेलेली, आणि बॅटरीच्या अंगाला हात लावला तर तापकऱ्याच्या कपाळासारखा चटका लागत होता. जीर्ण झालेली बॅटरी पुरती भारली जातच नाही, म्हणून यंत्र तिला अहोरात्र वीज पाजत राहते आणि ती सगळी उष्णता होऊन निघून जाते. सत्तर वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला पावणेदोन युनिटांच्या जवळ, महिन्याला पन्नास. भारनियमन संपून किती तरी वर्षे लोटली होती. त्या संकटासाठी ठेवलेला पहारेकरी मात्र पगार घेतच राहिला होता. आम्ही ती जोडणी तोडली, बॅटरी भंगारवाल्याकडे रीतसर परत दिली, आणि पुढच्या बिलात घराचा वापर शंभराच्या आत आला.

शंभराच्या आत येणे याला आपल्याकडे विशेष अर्थ आहे, आणि तो समजून घेण्यासाठी बिलाचा कागद एकदा तरी सावकाश वाचला पाहिजे. त्यात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो, कधी इंधन समायोजनाचा आकार असतो, आणि या सर्वांवर शासनाचे सोळा टक्के वीज शुल्क असते. घरगुती ग्राहकाचा वीज आकार टप्प्याटप्प्यांनी वाढतो: पहिल्या शंभर युनिटांना एक दर, आणि एकशेएकपासून तीनशेपर्यंतच्या युनिटांना वहन आकार धरून त्याच्या जवळजवळ दुप्पट. पुष्कळांचा समज असा की, शंभराची वेस ओलांडली की सगळीच युनिटे महाग दराने धरतात. तसे नाही, वेशीपलीकडची तेवढीच महाग. पण यातूनच एक गोष्ट निघते, जी मी प्रत्येक घरी आवर्जून सांगतो. आपण जे युनिट वाचवतो ते नेहमी वरच्या टोकाचे असते, म्हणजे सर्वांत महागाचे असते. म्हणून दीडशे युनिटांतली पन्नास वाचवणाऱ्याचे बिल तिसऱ्या हिश्श्याने नव्हे, त्याहून पुष्कळ अधिक उतरते.

आता काटकसर म्हटली की आपल्या मनात पहिल्याने येतो तो दिवा. याला कारण आहे आणि ते कराडकरांना तरी परके नाही. इथून हाकेच्या अंतरावर ओगलेवाडीच्या काचकारखान्यात तयार झालेला प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्राच्या घराघरांत लागत होता. आणि तिन्हीसांजेपूर्वी राखेने काच पुसणे, वात कातरणे, रॉकेलची पातळी पाहणे हा घरातल्या बायकांचा नित्यनेम होता. माझी आजी निजानीज झाली की वात इतकी बारीक करी की, ज्योत आहे की नाही असे वाटावे. त्या पिढीला उजेडाची किंमत माहीत होती, कारण तो बाटलीने विकत आणावा लागे. पुढे विजेचा साठ वॅटचा दिवा आला, तोही खादाडच होता, त्याच्या पोटात गेलेल्या विजेपैकी फार थोड्या अंशाचा उजेड होई आणि बाकीची नुसती ऊब. तेव्हा दिवे मालवण्याची शिस्त रास्तच होती. पण ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेनंतर एलईडी दिवे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले, साठ वॅटचे काम नऊ वॅटवर होऊ लागले, आणि दिव्याचा गुन्हा जवळजवळ संपुष्टात आला. रोज पाच तास लागणारा नऊ वॅटचा दिवा महिन्याकाठी दीड युनिटही खात नाही. तरी आजही वडीलधारी माणसे नातवंडांना दिव्यावरूनच रागे भरतात, आणि त्याच वेळी न्हाणीघरात तासाभरापूर्वी लावलेला गीझर तसाच चालू असतो.

गीझरचा हिशेब मी पाटीवर मांडून दाखवतो, कारण तो ऐकून पटत नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एका युनिट विजेत अशा ८६० किलोकॅलरी असतात. हिवाळ्याच्या सकाळी वीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायचे तर सहाशे किलोकॅलरी, म्हणजे सात दशांश युनिट. चार माणसांच्या घरात नुसत्या आंघोळीला दिवसाला पावणेतीन-तीन युनिटे, महिन्याला ऐंशीच्या वर! म्हणजे स्वस्त दराचा जवळजवळ सगळा टप्पा न्हाणीघरातच संपतो. यावर उपाय अवघड नाहीत. पंधरा लिटरच्या टाकीला अठरा-वीस मिनिटे पुरतात, तेव्हा तो आंघोळीच्या आधी तेवढाच लावावा. आतला उष्णतानियंत्रक साठावरून पंचेचाळीस-पन्नासावर आणावा, म्हणजे पुढे थंड पाणी मिसळून गरम पाण्याची माती करावी लागत नाही. घरातल्या सर्वांनी एकापाठोपाठ आंघोळी उरकाव्यात. आणि विंधनविहिरीचे क्षारयुक्त पाणी असेल तर कॉइलवर चढलेले पांढरे कीट वरचेवर काढून घ्यावे. ज्यांची गच्ची स्वतःची आहे त्यांनी सौर बंब बसवावा हे मी निःसंकोच सांगतो. पावसाळ्यात तो रुसतो हे खरे. पण उरलेल्या महिन्यांत तो गीझरला हात लावू देत नाही. जुन्या तांब्याच्या बंबाविषयी आणि त्यात घातलेल्या चिपाडांविषयी आज काही मंडळी फार हळवेपणाने बोलतात. त्या धुराने माझ्या आईचे डोळे चुरचुरताना मी पाहिले आहेत; त्या काळाचे गोडवे माझ्याच्याने गायले जात नाहीत.

दुसरा मोठा खर्च छताखाली फिरत असतो. जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा, नवा बीएलडीसी जातीचा तीस-पस्तीसचा. पंखा दिवसातून पंधरा तास फिरत असेल तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटांच्या आसपास वाचतात, आणि वरच्या दराने पाहता पंख्याची किंमत एक-दोन उन्हाळ्यांत फिटते. पण पंखा इतका वेळ फिरवावा का लागतो, याचे मूळ छतात आहे. शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात भर वैशाखात मी दुपारभर काम केले आहे: हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, मधला चौक, वर कौले आणि त्याखाली माळा, घामाचा थेंब आला नाही. त्याच आठवड्यात विद्यानगरातल्या नव्या घराच्या वरच्या मजल्यावर काम करताना मात्र रात्री नऊ वाजताही छताला तळहात टेकवत नव्हता. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली ओकतो. मग पंखा ती गरम हवाच ढवळत राहतो. अशा गच्चीला फाल्गुन संपता संपता चुन्याचा किंवा पांढऱ्या सिमेंटचा दाट हात द्यावा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून कापडी आडोसा करावा, हे सांगायला मला विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना लागत नाही. पण माझ्या अनुभवात वरच्या मजल्यावरच्या माणसाला याच्याइतका स्वस्त आराम दुसरा नाही. आतून बसवायचे वातानुकूलन यंत्र घेण्याआधी निदान एक उन्हाळा गच्ची पांढरी करून काढावा, असा माझा आग्रह असतो. नंतर यंत्र घेतलेच, तर ते चोवीस-पंचवीस अंशांवर ठेवून मंद पंख्याच्या सोबतीने चालवावे.

फ्रीजबद्दल थोडक्यात: दारात कागदाची चिठ्ठी अडकवून ओढावी, ती अलगद निघून आली तर रबरी पट्टी सैल झाली असे समजून बदलावी, आणि भिंतीपासून त्याला वीतभर मोकळे ठेवावे.

या कामात मला मनापासून संताप आला तो एकाच गोष्टीचा. प्लगमध्ये खोचली की बिल तिसऱ्या हिश्श्याने उतरते असे सांगून विकली जाणारी एक हिरव्या दिव्याची डबी मधल्या काळात घरोघर पोहोचली होती. ती उघडून पाहिली तर आत एक लहान कपॅसिटर आणि तो दिवा, याखेरीज काही नसे. कारखान्यातल्या मोटारींना कपॅसिटरचा उपयोग असतो हे खरे. परंतु घराचे बिल युनिटांवर आकारले जाते, आणि या डबीने युनिट कमी होण्याचे काही कारण नाही, उलट तिचा दिवा तेवढा घरमालकाच्या खर्चाने जळतो. एका विधवा बाईंनी शिलाईकामातून साठवलेल्या पैशांच्या अशा दोन डब्या घेतल्या होत्या. मीटरसमोर उभे करून, डबी लावून आणि काढून, दिव्याच्या लुकलुकी त्यांच्याकडूनच मोजवून घेतल्या तेव्हा त्यांची खात्री पटली. त्यानंतर त्या आपल्या गल्लीतल्या बायकांना स्वतःच मीटर वाचायला शिकवू लागल्या, याचे मला फार समाधान आहे.

मोजमापाने माणसाची वहिवाट बदलते याचा मोठा दाखला आमच्या शेजारीच आहे. महामार्गालगतच्या मलकापूरने नळांना मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना अमलात आणली आणि तिची वाखाणणी देशभर झाली. लोकांना वाटले होते की चोवीस तास पाणी म्हणजे चोवीस तास नासाडी. पण वापर वाढेल तसा दर वाढतो हे कळल्यावर नळ आपोआप आवरले गेले. माझ्या दृष्टीने त्यातला विशेष असा की, पाणी दाबाने वर चढू लागल्यावर कित्येक घरांतली जमिनीखालच्या हौदातून गच्चीवर पाणी फेकणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटार निरुद्योगी झाली. पाण्याचा मीटर बसला आणि विजेचा मंदावला! जिथे अजून ही मोटार चालते तिथे मी आधी फूट व्हॉल्व्ह पाहतो, कारण तो गळका असला की मोटार नुसतीच फिरत राहते. आणि गच्चीवरची टाकी भरून वाहू लागल्याचे शेजाऱ्याने ओरडून सांगेपर्यंत थांबण्याऐवजी तरंगता गोळा आणि स्वयंचलित स्विच बसवून घ्यायला लावतो.

पाणी आणि वीज यांचा संबंध कराडच्या माणसाने विसरू नये, असे मला नेहमी वाटते. प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी कोयना ही आपल्यापर्यंत येते ती धरणातून उरलेली कोयना. शिवाजीसागराची साठवण १०५ टीएमसीची. त्यातले वर्षाकाठी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेकडे वळवून, सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या अंगाला पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली सोडून वीज केली जाते, आणि ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. १९६० मेगावॅटच्या या प्रकल्पासाठी ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी काहींच्या नव्या वसाहतींतली वायरिंगे मी स्वतः केली आहेत. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा हिशेब केला तर एका युनिटामागे ठोकळ मानाने नऊशे-हजार लिटर पाणी लागते. आपल्या मीटरपर्यंत येणारी वीज एकट्या कोयनेची नसते, तिच्यात चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाचीही मिसळ असते. तरी जिन्याखालच्या त्या एका बॅटरीने महिन्याला वाया घालवलेली पन्नास युनिटे पाण्याच्या मापात मांडली, तर पन्नास हजार लिटरांच्या घरात जातात. गुरुजींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

सगळ्यांत बिकट प्रकरण भाड्याच्या खोल्यांचे. विद्यानगरात महाविद्यालयांच्या आसऱ्याने राहणारी मुले 'लाईट बिलासह' भाडे देतात. त्यांना काटकसरीचा लाभ नाही. आणि जिथे बिल भाडेकरूच्या माथी असते तिथे घरमालक सर्वांत स्वस्त पंखा आणि सर्वांत स्वस्त गीझर आणून बसवतो, कारण त्याची झळ त्याला लागत नाही. जो वापरतो तो निवडत नाही आणि जो निवडतो तो भरत नाही. या तिढ्यातून निघायला प्रत्येक खोलीला पोटमीटर बसवणे आणि चांगल्या पंख्याचा वाढीव खर्च ठराविक मुदतीत भाड्यात वाटून घेणे, एवढी एकच तजवीज मला सुचली आहे. काही घरमालकांनी ती मानली. खोल्यांतल्या पाणी तापवायच्या उघड्या कॉइली तिथून हळूहळू नाहीशा झाल्या. बाकीच्यांशी माझे अजून बोलणे चालू आहे.

अलीकडे चौकशी होते ती छतावरच्या सौर पटलांची. २०२४ साली आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किलोवॅट वा त्यापुढे अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान मिळते, त्यामुळे तीनचा आकडा जो तो मनात धरूनच येतो. मी आधी घर तपासायला मागतो. आगाशिवनगरात एका कुटुंबाचा तीन किलोवॅटचा अर्ज लिहून तयार होता. पण गीझरची शिस्त, चार पंखे, गळका फूट व्हॉल्व्ह आणि पांढरी केलेली गच्ची एवढे झाल्यावर त्यांचा वापर महिन्याला शंभराच्या आसपास स्थिरावला. एक किलोवॅटची पटले दिवसाला सरासरी चार युनिटे देतात, पावसाळ्यात कमी आणि चैत्र-वैशाखात जास्त, आणि जास्तीची युनिटे नेटमीटरवर जमा होऊन पुढच्या महिन्यांत वळती होतात. थोरल्या मुलाने दोन उन्हाळे पुढचा विचार करून, उद्या विजेवरची दुचाकी घ्यायची झाली तर काय, असा रास्त प्रश्न काढला. आम्ही तिचाही भार धरून हिशेब पुन्हा मांडला, जुना अर्ज बाजूला ठेवला आणि नव्या अर्जाच्या रकान्यात दोन किलोवॅट लिहिले.